भोपळा कोणता आणि त्याचं करायचं काय: पुण्यात नव्याने चूल मांडणाऱ्यांसाठी

मी अमरावतीचा. नोकरीसाठी पुण्यात आलो, कर्वेनगरात तिघांनी मिळून खालचा मजला भाड्याने घेतला आणि डब्याला कंटाळून सहाव्या महिन्यात गॅस पेटवला. पहिल्याच रविवारी घरची बाकर भाजी, म्हणजे आमच्याकडची खसखस-खोबऱ्याच्या मसाल्याची भाजी, करायची असं ठरलं. मी कांदा-लसूण सोलत बसलो आणि कोल्हापूरच्या मित्राच्या हातात यादी दिली. त्यात वरती लिहिलं होतं : कोहळं, अर्धा किलो.

तासाभराने तो आला तो बगलेत चार किलोचं, राखेत लोळवल्यासारखं पांढुरकं फळ घेऊन. म्हणाला, "अर्धा किलो कापून देत नाही म्हणाली मावशी. दुकानाच्या दारावर बांधायचाय ना, मग अख्खाच न्या, असं म्हणाली."

आम्ही हट्टाने त्याचीच बाकर भाजी केली. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर कढईत भाजी नव्हती, तळं होतं. त्यात खसखस तरंगत होती. आईला फोन लावला, फोटो पाठवला. ती म्हणाली, "अरे बाबू, कोहळं लाल असते. हे काय आणून ठेवलं तुम्ही?"

पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकूंनी हाक मारली, "डांगर केलंय, वाटी घेऊन ये." आमचा तिसरा भिडू नाशिकचा. त्याच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. तो आनंदाने वाटी घेऊन गेला आणि परत आला तेव्हा वाटीत उडदाचं भाजलेलं पीठ, दही आणि कच्चा कांदा कालवलेला. चव उत्तम होती, पण भोपळ्याचा त्यात मागमूस नव्हता.

तर नावांनी आम्हाला दोनदा फसवलं. त्यानंतरच्या चार वर्षांत बरेच भोपळे आणले, काही वाया घालवले, काकूंकडून थोडं शिकलो. तुमचा एखादा रविवार वाचावा म्हणून हे लिहितोय.

१. नाव नको, रूप सांगा

पुण्याच्या भाजीवालीला नुसतं "भोपळा द्या" म्हटलं तर ती उलट विचारते, "लाल का दुधी?" तेव्हा पुण्याची नावं एकदा पाठ करून टाका.

लाल भोपळा : बाहेरून हिरवा, तपकिरी किंवा पिवळट, आत केशरी. पेठांमधली जुनी मंडळी तांबडा भोपळा म्हणतात. विदर्भातलं आपलं कोहळं ते हेच. कुठे डांगर, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ.

दुधी : फिकट हिरवा, लांब किंवा घागरीसारखा, आत पांढरा. याचं नाव बहुतेक ठिकाणी सारखंच आहे, त्यामुळे इथे फसायला होत नाही.

कोहळा : वर पांढरी भुकटी, आत पांढराफटक गर. हात लावला की भुकटी बोटांना लागते. आग्र्याचा पेठा करतात तो याचाच. विदर्भातल्या मंडळींनी पुण्यात "कोहळं" हा शब्द तोंडातून काढूच नये, असं माझं मत आहे.

झुकिनी आणि बटरनट : मॉलमध्ये आणि परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर मिळणारे पाहुणे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

गंमत अशी की आपण सगळ्यांना भोपळा म्हणत असलो तरी यांची मुळं वेगळी आहेत. दुधी मूळचा आफ्रिकेकडचा, पण आपल्याकडे फार जुना. तंबोऱ्याचा भोपळा दुधीच्याच जातीचा; मिरजेचे कारागीर तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणतात. विहिरीत पोहायला शिकताना पूर्वी पाठीला सुका भोपळा बांधायचे, तोही हाच. लाल भोपळा मात्र अमेरिका खंडातला, मिरची-बटाट्यासारखा युरोपी व्यापाऱ्यांच्या मागोमाग इकडे आला. ऋषिपंचमीच्या भाजीत तो इतका घरचा होऊन बसलाय की हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "काहीतरीच."

२. पाण्याचा हिशोब डोक्यात ठेवा

ही पायरी वाचून पाककृती सोडून दिल्या तरी चालेल. भोपळा कसा शिजवायचा हे त्याच्या नावावर नाही, त्याच्यातल्या पाण्यावर ठरतं. कोहळा आणि दुधी यांच्यात साधारण ९५-९६ टक्के पाणी असतं. झुकिनीत ९५ च्या आसपास. लाल भोपळ्यात ९१-९२. बटरनटमध्ये ८६-८७.

आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण उलट बाजूने मोजा. अर्धा किलो कोहळ्यात पाणी सोडून जेमतेम २० ग्रॅम ऐवज असतो. तेवढ्याच लाल भोपळ्यात ४० ग्रॅमच्या वर आणि बटरनटमध्ये ६५-७०. म्हणून लाल भोपळा स्वतःच्या वाफेवर शिजून मऊ, दाट होतो आणि मसाला धरून ठेवतो. कोहळा तसं करूच शकत नाही, तो मसाला धुऊन टाकतो. आमचं तळं झालं ते यामुळे.

यातून नियम निघतो तो असा. लाल भोपळा आणि बटरनट : झाकण ठेवून, वरून पाणी न घालता. दुधी : झाकण ठेवून, बरोबर पाणी शोषणारं काहीतरी घालून, म्हणजे हरभऱ्याची डाळ, मूगडाळ किंवा बेसन. कोहळा : किसून, पिळून, किंवा मग सरळ रस्सा-सांबारात. झुकिनी : झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर, झटपट.

३. हाताशी काय लागेल

- जाड बुडाची कढई आणि तिच्यावर बसणारं खोलगट ताट (ताटात पाणी ओतायचं असतं, म्हणून सपाट झाकण नको)
- लांब पात्याची जड सुरी, किंवा येत असेल तर विळी
- साल काढायचं सोलाणं, मोठ्या भोकांची किसणी
- पिळायला जुनं, धुतलेलं पंचाचं फडकं
- फोडणीचं नेहमीचं : मोहरी, जिरे, हिंग, हळद, आणि मेथीदाणे, ते विसरू नका
- चिक्कीचा नको, साधा गूळ
- गोडा मसाला (पुण्यात कुठल्याही किराणा दुकानात तयार मिळतो, पहिल्यांदा ५० ग्रॅमच आणा, जुना झाला की वास उडतो)
- दाण्याचं कूट, ओलं खोबरं, दही

४. विकत घेताना

कर्वेनगर, कोथरूड, हडपसर, कुठेही राहात असलात तरी कोपऱ्यावरच्या गाडीवर लाल भोपळा फोडी करूनच ठेवलेला असतो. दोघातिघांना पाव किलो ते अर्धा किलोची फोड पुरते. निवड करायची असेल तर महात्मा फुले मंडईत जा. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली ती दगडी अष्टकोनी इमारत पाहणंही होतं, आणि तिथल्या मावश्या समोर कापून देतात. गुलटेकडीचं मार्केट यार्ड स्वस्त पडतं, पण तो घाऊक बाजार; एकट्यासाठी तिथून आठ किलोचा डेरा उचलून आणण्यात अर्थ नाही. रिक्षाचं भाडं धरलं तर तो स्वस्तही पडत नाही.

लाल भोपळ्याची फोड घेताना तीन गोष्टी पाहा. गर गडद केशरी हवा. फिकट पिवळा असेल तर भाजी पाणचट आणि बेचव होते. बियांची जाळी ओलसर पण घट्ट हवी. ती चिकट, तार सुटणारी दिसली तर फोड कालची किंवा परवाची आहे. आणि साल. नखाने खरवडली जात असेल तर भोपळा कोवळा, सालीसकट शिजवता येतो. नख टेकतच नसेल तर पिकलेला, गोड. भरताला आणि घारग्यांना तोच घ्या.

एक सापळा : प्लॅस्टिकच्या वेष्टनात घट्ट गुंडाळलेली फोड. आतून घाम सुटलेला असतो आणि खालची बाजू बुळबुळीत. दिसायला ती ताजीच दिसते. मी असल्या तीन फोडी तरी फेकल्या आहेत.

दुधीला नख लावून बघतात हे खरं, पण मावशीच्या देखत लावू नका. "दादा, नख मारलं की काळा पडतो तो, मग मी कुणाच्या गळ्यात मारू?" असं मंडईत ऐकून घेतलंय मी, आणि तिचं बरोबर होतं. नख न लावता ओळखायचं तर अंगावरची बारीक लव पाहा. लव असेल तर कोवळा. आकाराच्या मानाने जड, रंगाने फिकट, देठ हिरवा. बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजला तर आत जून बिया आणि कापूस.

५. कापताना

विळ्या-भोपळ्याचं सख्य का म्हणतात ते अख्खा लाल भोपळा कापायला घेतल्यावर कळतं. सुरी अर्ध्यात अडकते, मग आपण जोर लावतो, मग भोपळा घरंगळतो. बोट जातं ते इथेच.

एका सकाळी काकूंनी वरून हाक दिली, "अरे, वर ये जरा, भोपळा फोडायचाय." त्यांच्या बहिणीने गावाहून सहा किलोचा पाठवला होता. बायकांनी अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी चालवू नये असं काही घरांत मानतात, तसंच काहीतरी असेल असं मला वाटलं. मी तसं विचारल्यावर म्हणाल्या, "मी नाही मानत. पण मनगट दुखतंय, आणि तू रिकामाच बसला होतास."

मग त्यांनी दाखवलं ते असं. भोपळ्याखाली ओलं फडकं पसरायचं, म्हणजे तो हलत नाही. देठावर सुरी चालवायची नाही, देठ लाकडासारखा असतो. देठाच्या शेजारी, दोन उभारांच्या मधल्या खोबणीत सुरीचं टोक खुपसायचं, मूठ खाली दाबत एका बाजूने तळापर्यंत आणायची. मग भोपळा फिरवून दुसरी बाजू. दोन्ही चिरा तळाशी भेटल्या की हाताने ओढला तरी फटकन उघडतो. पुढचे सगळे काप सपाट बाजू खाली ठेवून.

साल काढणं हा वेगळा वैताग आहे. अख्ख्या भोपळ्याची काढू नका. बोटभर रुंदीच्या फाका करा, आडव्या ठेवा आणि वरून खाली सुरीने साल उतरवा. अजिबात जमत नसेल तर फाका कुकरमध्ये एक शिटी करून घ्या, साल नंतर चमच्याने निघते. भरताला मी हेच करतो.

६. लाल भोपळा : इथे जरा थांबा

भाजी. अर्धा किलो भोपळा, इंचभराच्या फोडी. याहून बारीक केल्या तर लगदा होतो. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, पाव चमचा मेथीदाणे, हळद, दोन सुक्या मिरच्या. मेथीदाणे तांबूस झाले की लगेच फोडी घाला; काळे झाले तर कडू होतात आणि ती कडवट चव गुळानेही जात नाही. दोनदा हलवा, आच मंद करा, ताट झाका, ताटात वाटीभर पाणी ओता. ताटाखाली वाफेचे थेंब जमतात, परत भाजीत पडतात आणि तेवढ्यावरच ती शिजते. आठ-दहा मिनिटं. मधे एकदाच हलवा, तेही कढई उचलून; डाव घातला की फोडी मोडतात. शेवटी मीठ, सुपारीएवढा गूळ, अर्धा चमचा गोडा मसाला, ओलं खोबरं, कोथिंबीर. मीठ आधी घातलं तर भोपळा पाणी सोडतो आणि फोडींचा आकार जातो.

ही झाली पुण्याची. आमची बाकर भाजी याच भोपळ्याची, पण वृत्ती निराळी. फोडी सालीसकट. एक चमचा खसखस आणि अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं कोरडंच भाजायचं, त्यात धणे-जिरे आणि दोन लवंगा घालून जाडसर कुटायचं. तेल जरा सढळ. फोडी तेलात पाच मिनिटं परतून झाकायच्या, अर्धवट शिजल्यावर मसाला, तिखट, मीठ आणि मूठभर चारोळी. गूळ नाही घातला तरी चालतं. काकूंना नेऊन दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "मसाला फार झालाय, भोपळा कुठाय?" पण वाटी रिकामी परत आली.

भरीत. नवशिक्यांनी सुरुवात खरं तर इथून करावी, कारण यात बिघडायला काही नाही. वाफवलेला भोपळा हाताने मोडा, पूर्ण गार करा, मग दही, मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट. वरून तेलाची फोडणी : मोहरी, हिंग, हिरवी मिरची. सापळा एकच, गरम भोपळ्यात दही घालणं. दही फुटतं आणि वाटीत चोथापाणी वेगळं होतं. काकूंकडे उपासाला लाल भोपळा चालतो, तेव्हा फोडणी तुपाची आणि जिऱ्याची. तुमच्या घरी चालतो का ते फोनवर विचारून घ्या. यावर दोन घरांचं एकमत मी पाहिलेलं नाही.

घारगे. हे जमले की पुण्यात तुमची पत वाढते. किसलेला भोपळा दोन वाट्या, गूळ एक वाटी, चमचाभर तूप. तुपावर कीस परता, मऊ झाला की गूळ घाला. गूळ विरघळून मिश्रण एकजीव झालं की त्याच क्षणी गॅस बंद. "अजून जरा आटवू" हा मोह टाळा. गुळाचा पाक झाला की घारगे दगड होतात. माझी पहिली खेप आम्ही चहात बुडवून खाल्ली.

मिश्रण गार होऊ द्या. त्यात चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, दोन चमचे तांदळाचं पीठ, एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. मावेल तेवढी म्हणजे किती, हा प्रश्न मीही विचारला होता. साधारण दोन वाट्या लागतात, पण भोपळा किती पाणीदार आहे त्यावर कमी-जास्त. पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल हवं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, त्याहून जास्त नको. गूळ पाणी सोडत राहतो आणि पीठ हाताला चिकटायला लागतं. प्लॅस्टिकच्या कागदावर तेलाचा हात लावून, खसखस भुरभुरून, पुरीहून जाड थापा. मध्यम आचेवर तळा. आच मोठी असेल तर गूळ बाहेरून करपतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं.

यातली कणीक कमी करून पीठ भज्यांसारखं सैलसर भिजवलं आणि हाताने तेलात सोडलं की ती आमच्याकडची कोहळ्याची बोंडं. थापायची कटकट नाही. घाई असेल तर बोंडं करा, पाहुणे येणार असतील तर घारगे.

७. दुधी : आधी चाखा, मग चिरा

ही सूचना गमतीत घेऊ नका. दुधी चिरण्याआधी दोन्ही टोकांकडचा आणि मधला पातळ तुकडा जिभेवर ठेवून बघा. किंचित जरी कडू लागला तरी थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी टाकून द्या. कडू दुधीत कुकर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात. शिजवल्याने ती जात नाहीत, साखर-लिंबाने फक्त झाकली जातात. उलट्या, जुलाब, रक्तदाब घसरणं, पोटात रक्तस्राव इथपर्यंत प्रकरण जातं. दिल्लीत २०१० साली कडू रसाने एक मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली. तिचा सल्ला हाच होता, की कडू असेल तर पिऊ नका. २०१८ साली पुण्यातही सकाळी दुधीचा रस प्यायलेल्या एका महिलेच्या मृत्यूची बातमी आली होती. रस काढताना आवळा, आलं, पुदिना घालतात आणि कडूपणा लपतो, म्हणून रस करणाऱ्यांनी तर चाखल्याशिवाय मिक्सर लावूच नये. हाच नियम झुकिनीला आणि काकडीला. रस पिऊन तासाभरात मळमळ, उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा आणि दुधीचा रस प्यायलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.

आता स्वयंपाक. मुठीएवढी हरभऱ्याची डाळ तासभर भिजवा. जिरं-मोहरीच्या फोडणीत ती आधी पाच मिनिटं परता, मग दुधीच्या फोडी, झाकण. दुधीने सोडलेल्या पाण्यात डाळ शिजते. बाहेरून पाणी घातलं की संपलं. डाळ बोटाने मोडली की मीठ, गूळ, गोडा मसाला. चिरून ठेवलेला दुधी काळा पडतो, म्हणून फोडणी तयार झाल्यावर चिरा किंवा फोडी पाण्यात ठेवा.

हलव्यासाठी किसा, बियांचा भाग वगळा, हलक्या हाताने पिळा (ते पाणी कणीक भिजवायला वापरा). दोन चमचे तुपावर कीस पारदर्शक होईपर्यंत परता, मग अर्धा लिटर दूध, आणि दूध आटल्यावरच साखर, अर्धा किलो दुधीला शंभर ग्रॅमच्या आसपास. साखर आधी पडली की पुन्हा पाणी सुटतं आणि तुम्ही तासभर ढवळत उभे. हिरवा रंग घालू नका. मिठाईच्या दुकानात तो हिरवागार असतो म्हणून घरचा तसा व्हायला हवा असं काही नाही.

साली फेकायच्या नाहीत. बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ. भाकरीबरोबर ही चटणी दुधीच्या भाजीपेक्षा बरी लागते.

८. कोहळा : जपून

पुण्यात कोहळा जास्त करून दाराला टांगण्यासाठी विकला जातो, म्हणून तो अख्खा मिळतो. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणे. आम्ही रोख पैसे देऊन काढला आणि फसलो. छोटा मागा, दीड-दोन किलोचे असतात. न कापलेला कोहळा कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो, त्यामुळे घाई नाही.

सोपा उपयोग सांबारात : दाक्षिणात्य घरांत तो सर्रास घालतात, फोडी पारदर्शक झाल्या की शिजला. वड्या करायच्या तर कीस फडक्यात घट्ट पिळा, उरलेल्या किसाएवढीच साखर घ्या, कढईची कडा सोडेपर्यंत आटवा. उन्हाळ्यात सांडगे घालणाऱ्या आजी-काकू ओळखीच्या असतील तर अर्धा कोहळा त्यांना नेऊन द्या आणि मे महिन्यात सांडगे घेऊन या. माझ्या मते हा सर्वांत फायदेशीर व्यवहार.

९. झुकिनी आणि बटरनट

झुकिनी इटलीत घडवलेली, पण तिला आपली पीठ पेरलेली भाजी मस्त मानवते. साल काढू नका. जाड चकत्या, तापलेली लोखंडी कढई, लसणाची फोडणी, तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवर, मग दोन चमचे बेसन पेरून कोरडं होईपर्यंत परता, मीठ अगदी शेवटी. झाकण ठेवलंत तर दुधीची भाजी होईल, आणि मग दुधीच का आणला नाही असा प्रश्न पडेल. भाव दुधीच्या कितीतरी पट असतो.

बटरनट हा लाल भोपळ्याचाच जवळचा नातेवाईक, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९४० च्या दशकात तयार झालेला. साल सोलाण्याने निघते, बिया फक्त तळाच्या फुगीर भागात, पाणी कमी, गोडी जास्त. घारग्यांना चांगला, गूळ पाऊण वाटीच घ्या. ओव्हन असेल तर तेल-मीठ लावून २०० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजा. नेहमीच्या भाजीसाठी मात्र मी त्यावर पैसे घालणार नाही.

१०. उरलेलं

लाल भोपळ्याची कापलेली फोड ठेवताना आधी बिया आणि जाळी खरवडून काढा, सडायला तिथूनच सुरुवात होते. मग कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. अख्खा असेल तर फ्रिज नकोच, हवेशीर कोपऱ्यात दोन महिने सहज राहतो, फक्त देठ शाबूत हवा आणि खाली ओल नको. दुधी आठवड्याच्या आत संपवा.

बिया धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा आणि मंद आचेवर मीठ लावून भाजा. थोड्या मी काकूंच्या गच्चीवरच्या फुटक्या बादलीत टाकल्या होत्या. पावसाळ्यात वेल कठड्यावर चढला आणि पिवळीधमक फुलं आली. फळ धरेना, म्हणून आम्ही नाराज होतो; काकूंनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ही सगळी नर फुलं आहेत, आधी तीच येतात. काढा थोडी, भजी करू."

नर फूल ओळखायला सोपं : लांब, सडपातळ देठ. मादी फुलाच्या मागे बोराएवढा छोटा भोपळा असतो, त्याला हात लावायचा नाही. एक-दोन नर फुलं वेलावर राहू द्या, नाहीतर फळ धरायचं नाही. सकाळी फुलं उघडी असताना काढा, आत मुंग्या असतात म्हणून झटका, मधला पिवळा दांडा चिमटीने काढून टाका. बेसन पातळसर, त्यात ओवा, तिखट, हळद, मीठ आणि चमचाभर तांदळाचं पीठ. फूल बुडवून लगेच तेलात. दोन मिनिटांत होतात आणि पाच मिनिटांत मऊ पडतात, तेव्हा ताटं वाढायच्या भानगडीत न पडता कढईपाशी उभं राहूनच खा.